चिठ्ठी कोणाच्या हाती?

दिवाळीचे फटाके विझले, की आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच प्रश्न पेटतो. एस.टी.च्या थांब्यावर, डेअरीपुढच्या रांगेत, देवळाच्या पारावर, जिथे दोन माणसे भेटतील तिथे एक दुसऱ्याला विचारतो, "आली काय तोड?" शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. तोड म्हणजे कारखान्याची टोळी येऊन शेतातला ऊस तोडून नेण्याची पाळी. मुलीच्या लग्नाची तारीख, मुलाच्या कॉलेजची फी, सोसायटीचे कर्ज, घरावरचा स्लॅब, सगळे या एका पाळीवर अडलेले असते.

या प्रश्नाचे उत्तर ज्या खिडकीतून मिळते, तिच्या आतल्या बाजूला मी सत्तावीस वर्षे बसलो. जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात १९८९ साली लागलो आणि २०१६ साली निवृत्त झालो. कारखान्याचे नाव सांगत नाही. पुढे जे सांगणार आहे त्यात दोष कारखान्यापेक्षा माझा जास्त आहे.

हे सगळे आज आठवायला निमित्त झाले एका शाळूसोबत्याचे. शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त त्याची फौंड्री आहे. मुलगा पुण्याहून शिकून आला आणि आता म्हणतो, की सगळा कारभार नव्या संगणक प्रणालीवर न्यायचा, स्वतंत्र आय.टी. विभाग काढायचा. खर्चाचा आकडा ऐकून मित्राची झोप उडाली. तांबड्या रश्श्याची वाटी पुढे ओढत त्याने मला सरळच विचारले, "लेका, तू जन्मभर हेच केलंस. खरं सांग, या डिपार्टमेंटनं धंदा वाढतो, का नुसता मान वाढतो?"

प्रश्न जगातल्या मोठमोठ्या पंडितांनाही पडलेला आहे. नोबेल पारितोषिक मिळवलेले अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली थट्टेने म्हटले होते, की संगणक सगळीकडे दिसतात, दिसत नाहीत ते फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत. पुढे २००३ साली निकोलस कार या लेखकाने हार्वर्डच्या व्यवसायविषयक मासिकात मांडले, की विजेसारखेच संगणकाचे झाले आहे. सगळ्यांकडे आहे, म्हणून त्यामुळे कोणी कोणाच्या पुढे जात नाही. यावर पुष्कळ वाद झाले. मला त्या वादात शिरायचे नाही. माझ्याकडे उत्तर आहे ते एका उसाच्या फडातून आलेले आहे, आणि ते मला फुकट मिळालेले नाही.

साखर कारखाना म्हटला, की लोकांना धुरांडे दिसते, मळीचा वास आठवतो, पोत्यांची थप्पी दिसते. पण कारखाना खरा चालतो तो याद्यांवर. ऊस तोडला की त्याचे वजन घटू लागते आणि त्यातल्या साखरेचे अशा साखरेत रूपांतर होऊ लागते, जिचे दाणेच पडत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा अशी धडपड असते. उलट गव्हाण रिकामी राहिली, तर बॉयलर तापलेला, कामगार उभे आणि मिल बंद. म्हणजे रोज नेमका तेवढाच ऊस यायला हवा, आणि तोही हजारो शेतकऱ्यांच्या वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यांमधून.

त्यात कोणाचा ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली, सोळा ते अठरा महिन्यांनी तयार होणारा. कोणाचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी. कोणाचा जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू, बारा महिन्यांचा. कोणाचा खोडवा. कारखान्याच्या शेती खात्याची माणसे गावोगाव फिरून या सगळ्याची नोंद घेतात. नोंदीवरून क्रम लागतो, क्रमावरून तोडीची चिठ्ठी निघते, चिठ्ठीवरून टोळी फडात जाते, टोळीने भरलेली गाडी काट्यावर येते आणि काट्यावरच्या वजनावरून बिल होते. मधली एक कडी निसटली, की पुढचे सगळे निसटले.

आमच्याकडे संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी स्वतंत्र खोली बांधली होती. चेअरमनसाहेबांच्या केबिनला पंखा आणि मशीनला एअर कंडिशनर, असा थाट. चपला बाहेर काढून आत जावे लागे. मे महिन्यात इतर खात्यांतली माणसे काहीतरी काम काढून आमच्या खोलीत येऊन बसत. बाहेर मात्र धाकधूक होती. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाच्या शिफारशी केल्या, तेव्हापासून कारकुनांच्या नोकऱ्या जाणार ही भीती गावागावांत पोचली होती.

आमच्या कारखान्यात नोकऱ्या गेल्या नाहीत, काम मात्र बदलले. पंधरवड्याची ऊसबिले काढायला आधी हिशेब खात्यातली माणसे रात्र रात्र बसत. तीच बिले आम्ही दोन दिवसांत काढू लागलो. हे साधे काम नव्हते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज लागते. दर ठरवायला आणि पैसे उभे करायला संगणक उपयोगाचा नाही, ती वेगळी गोष्ट. पण निदान हिशेब तयार नाही, ही सबब राहिली नाही. वार्षिक सभेत आमच्या विभागाचे कौतुक झाले. पेढे वाटले. मीही छाती काढून चालू लागलो.

अशाच एका हंगामात, १९९४-९५ च्या, खिडकीवर एक म्हातारे शेतकरी आले. पटका, हातात काठी आणि कोपरीच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. म्हणाले, "सायेब, आमच्या बांधाला बांध लावून हाय त्येची तोड झाली. लागण दोघांची एका आठवड्यातली. आमची कवा यायची?"

मी नाव घातले. पडद्यावर लागणीची तारीख आली, ७ ऑगस्ट. क्रम महिनाभर पुढे. मी म्हणालो, "मामा, तुमची लागण ऑगस्टातली हाय. अजून टाइम हाय."

"न्हाई वो. बेंदूर झाला आणि पाच-सा दिवसांनी लागण केलीया. बैलं रंगवल्याली, शिंगांचा रंग बी गेला नव्हता."

"मामा, इथं ऑगस्ट लिहिलंय."

"लिवलं आसंल. पर बेंदूर ऑगस्टात आसतोय व्हय?"

मागे रांग वाढत होती. मी जे बोललो ते आज तीस वर्षांनीही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "मामा, कॉम्प्युटर चुकत नाही."

ते गेले. पुन्हा दोनदा आले. मी दोन्ही वेळा तेच सांगितले, दुसऱ्या वेळी तर जरा रागाने. त्यांचा ऊस महिनाभराने तुटला, तोवर त्याला तुरा आला होता. तुरा आला की वाढ थांबते, ऊस पोकळ पडू लागतो, वजन हाती लागत नाही. रान वेळेत मोकळे झाले नाही, म्हणून त्या वर्षी गहूही झाला नाही.

पुढे मार्चमध्ये, हंगाम संपत आला असताना, त्या गटातला आमचा चिटबॉय स्वतःची डायरी घेऊन आला. नोंदी घेताना तो आपल्या समाधानासाठी डायरीत लिहून ठेवी. म्हणाला, "सर, माझ्या डायरीत ८ जुलै आहे आणि तुमच्या यादीत ७ ऑगस्ट. असं आणखी काही नावांचं आहे." मी बघत बसलो आणि एकदम डोक्यात उजेड पडला. आमच्या फॉर्मवर तारीख लिहीत ती आपल्या पद्धतीने, आधी दिवस, मग महिना. त्या वर्षी आणलेला नवा प्रोग्राम मात्र अमेरिकी पद्धतीने आधी महिना वाचत होता. ८/७ म्हणजे त्याच्या लेखी आठव्या महिन्यातली सात तारीख. आता यातली खरी गोम बघा. १३ तारखेच्या पुढच्या नोंदी मशीन नाकारत होते, कारण तेरावा महिना नसतो. ऑपरेटर त्या हाताने दुरुस्त करून पुढे जात होते. महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत लागण केलेल्यांची नोंद मात्र मुकाट्याने आत जात होती आणि चुकत होती. ज्या चुका ओरडत होत्या त्या दुरुस्त झाल्या, ज्या गप्प बसल्या त्या लोकांच्या शेतात जाऊन पोचल्या.

यादी काढली तेव्हा नावांची दोन पाने भरली. कोणाचा क्रम पुढे गेला होता, कोणाचा मागे आला होता. ज्यांचा मागे आला त्यांनी तक्रार करण्याचे कारणच नव्हते.

मी मामांच्या घरी गेलो. सांगितले, की चूक आमची होती. त्यांनी विचारले, "मग आता वजन मिळंल काय?" मी म्हणालो, "नाही, मामा." ते काही बोलले नाहीत. त्यांच्या सूनबाईंनी चहा आणला. उठताना त्यांनी कोनाड्यातली ती प्लास्टिकची पिशवी काढली. तीत सोसायटीची पावती होती, वीजबिल होते, सात-बारा होता. म्हणाले, "सायेब, सगळ्यांची पावती हाय माझ्याकडं. तुमच्या नोंदीचीच न्हवती. ती आसती तर मी त्याच दिवशी दाखवली आसती. फुडच्या खेपंला चिठ्ठी आमच्या हातात द्या."

सत्तावीस वर्षांत मला अनेक प्रशिक्षणांना पाठवले गेले. संगणक विभागाचे काम काय असते हे मला त्या घरात कळले.

पुढच्या वर्षीपासून आम्ही लागण-नोंदीची छापील चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात देऊ लागलो. तारखेत महिना अक्षरी, मराठीत. खर्च म्हणाल तर कागदाचा आणि रिबिनीचा. पहिल्याच वर्षी पंधरा दिवसांत इतकी माणसे चिठ्ठ्या दुरुस्त करून घ्यायला आली, की साहेब वैतागले. म्हणाले, "तुम्ही तक्रारी वाढवल्या." मी म्हटले, "साहेब, तक्रारी होत्याच. त्या आता हंगामाच्या आधी यायला लागल्या."

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. सगळ्याच चुका तारखेच्या नव्हत्या. कधी कधी वरून फोन येई, "अमक्याचा प्लॉट जरा वर घ्या." मी घेत असे. आधी असल्या कामात कारकुनाला वहीत खाडाखोड करावी लागे, आणि ती खाडाखोड दिसत असे. संगणकात ती दिसत नाही. खिडकीवर कोणी भांडायला आले तर उत्तर तयार असे, "कॉम्प्युटरनं काढलेली यादी आहे." मशीनच्या आड लपणे किती सोपे असते हे मी लपून पाहिले आहे. पुढे आम्ही प्रोग्राममध्ये एक सोय केली. क्रम कोणी बदलला, कधी बदलला आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे लिहिल्याशिवाय बदल होईना. फोन बंद झाले असे म्हणणार नाही, पण कमी झाले. आपले नाव कागदावर यायचे म्हटले, की भल्याभल्यांचा आवाज मऊ होतो.

आपल्याकडे गावगाड्यात पाटील आणि कुलकर्णी असत. पाटलाकडे हुकूम, कुलकर्ण्याकडे दप्तर. दप्तर ज्याच्या हातात, त्याला गाव वचकून असे, कारण ते बहुतेकांना वाचता येत नव्हते. आजच्या धंद्यातला संगणक विभाग हा त्या दप्तराचा वारस आहे. फरक इतकाच, की हे दप्तर मालकालाही वाचता येत नाही. म्हणून हा विभाग धंदा तारू शकतो आणि बुडवूही शकतो.

या बाबतीत आमच्या जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला आहे. पन्हाळ्याच्या पलीकडचे वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभे केलेले. कारखाना, दूध संघ, शाळा-कॉलेजे, मुलांचा वाद्यवृंद, असे सगळे तिथे एका छत्राखाली वाढले. १९९८ साली पंतप्रधानांनी नेमलेल्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकाराने तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणेकाठची सत्तर गावे संगणकाने जोडायची होती. नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटर, राज्य सरकार आणि वारणेच्या संस्था एकत्र आल्या. गावोगाव संगणक केंद्रे उघडली, ती पन्नासच्या वर होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सरकारी दाखले, सगळे गावातच मिळणार असे चित्र होते. देशभरातून माणसे बघायला येत. आम्हीही आमच्या कारखान्यातून बघायला गेलो होतो आणि थोडा हेवा करीत परतलो.

पुढे काय झाले? २००६-०७ च्या सुमारास बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातल्या संशोधकांनी वारणेत येऊन पाहिले. मोठ्या चित्रातले फारसे काही वापरात नव्हते. वापरात होते ते एकच काम, उसाचा हिशेब. आपला ऊस किती टन भरला, तोडीची परवानगी निघाली का, खताची उधारी किती. त्यासाठी शेतकरी केंद्रावर येत होते, कारण नाहीतर त्यांना वारणानगरची फेरी पडली असती. संगणक मात्र जुने झाले होते, वीज जात होती, देखभालीला पैसा लागत होता. मग संशोधकांनी एक उलटा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणक बाजूला ठेवून तेच सगळे काम साध्या मोबाइलवरच्या एस.एम.एस.ने करून पाहिले. काम तेच झाले, खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांना ते जास्त आवडले. ज्या कंपनीचा धंदाच संगणकावर चालतो, तिच्याच माणसांनी हा निष्कर्ष काढला याची मला गंमत वाटते.

काही जण म्हणतात, वारणेचा प्रकल्प फसला. मला तसे वाटत नाही. सत्तर गावांनी कोणतेही भाषण न करता निवड करून दाखवली. संगणकाला त्यांनी नको म्हटले नाही. आमच्या उसाचे वजन आमच्या गावात, आमच्या हातात द्या, बाकीचे नंतर बघू, असे त्यांनी वागण्यातून सांगितले. त्या प्रयोगातले एक संशोधक केंटारो टोयामा यांनी पुढे २०१५ साली एक पुस्तक लिहिले. त्याचा गाभा असा, की तंत्रज्ञान स्वतः काही घडवत नाही, माणसांचा जो हेतू आणि जी कुवत असेल ती मोठी करून दाखवते. बेंदूर-ऑगस्टचा घोळ निस्तरलेल्या माझ्यासारख्याला हे पटायला पुस्तक वाचावे लागले नाही.

दुधाचेच बघा. आमच्या जिल्ह्यात दूध म्हणजे घरच्या बाईचा पैसा. पूर्वी संस्थेत दूध घातले, की फॅट तपासायला बुटिरोमीटरच्या नळीत ॲसिड घालून यंत्रात फिरवत. आकडा सेक्रेटरी बघे आणि तोच लिही. घातलेल्या दुधाचा दर बिल निघाल्यावर कळे. मग इलेक्ट्रॉनिक काटे आणि फॅट मोजणारी यंत्रे आली. कॅन ठेवला, की वजन, फॅट आणि रक्कम यांची चिठ्ठी तिथल्या तिथे बाईच्या हातात. त्या चिठ्ठीने दूध वाढले का? वाढले असे मी म्हणतो, कारण दुधात फॅट कमी का लागली हे तिला त्याच संध्याकाळी कळते आणि ती दुसऱ्या दिवशी वैरण बदलते. पंधरवड्याने कळून काय उपयोग? धंद्याची भरभराट अशा रोजच्या लहान निर्णयांनी होते, आणि ते निर्णय ऑफिसात होत नाहीत, गोठ्यात होतात.

याच्या अगदी उलट काय होते तेही सांगतो, आणि त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागेल. ब्रिटनमध्ये गावोगावची पोस्टे चालवणारे उपपोस्टमास्तर असतात. बहुतेकांचे पोस्ट आणि किराणा दुकान एकाच छपराखाली. १९९९ पासून त्यांच्याकडे 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. तिच्या हिशेबात पैसे कमी दिसू लागले. लोक म्हणाले, आम्ही पैसे घेतले नाहीत, मशीन चुकते आहे. उत्तर मिळाले, मशीन चुकत नाही. अनेकांना तर सांगितले गेले, की अशी तक्रार तुमची एकट्याचीच आहे. २०१५ पर्यंतच्या काळात ९०० हून अधिक माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे गुन्हे शाबीत झाले. कोणी तुरुंगात गेले, कोणाची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ साली तिथल्या न्यायालयाने प्रणालीतच दोष होते असा निकाल दिला, आणि मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. "तुमची एकट्याचीच तक्रार आहे." खिडकीवरच्या मामांना मी याहून वेगळे काय सांगितले होते? त्यांच्यासारखी दोन पाने भरून माणसे होती. प्रत्येक जण एकटा येत होता आणि एकटाच परत जात होता. आमच्याकडे एका हंगामाचा ऊस गेला, तिकडे आयुष्ये गेली. वाक्य मात्र तेच होते.

तेव्हा माझ्या फौंड्रीवाल्या मित्राला, आणि त्याच्या निमित्ताने दुकान, कारखाना, पतसंस्था, शाळा, दवाखाना चालवणाऱ्या सगळ्यांनाच माझे सांगणे असे आहे.

संगणक विभाग जरूर काढा. त्याशिवाय यापुढे धंदा नाही. पण त्याला यंत्रे दुरुस्त करणारे खाते समजू नका. कनेक्शन गेले की बोलवायचे, एरवी तळघरात बसवायचे, असे केलेत तर ती माणसे पडद्यावरचेच जग खरे मानू लागतील. तुमच्या मुलाला म्हणावे, पहिले सहा महिने एक ओळही लिहू नको. भट्टीजवळ उभा राहा. मोल्डिंगच्या माणसाशेजारी बैस. माल नाकारला जातो तो कुठे, कोणाच्या डायरीत त्याचे कारण लिहिलेले आहे, ते बघ. प्रत्येक धंद्यात आमच्या त्या चिटबॉयसारखा एक माणूस असतो, जो स्वतःच्या समाधानासाठी खरी नोंद ठेवतो. त्याला शोध आणि त्याला विभागात घे. पगार दे, मान दे. बाहेरून आणलेला महागडा प्रोग्राम त्याच्या डायरीशी ताडून बघितल्याशिवाय चालू करू नको.

दुसरे, विभागाचे यश कशाने मोजायचे ते आधी ठरवा. पडदे किती, अहवाल किती रंगीत, यावरून मोजू नका. ज्याचे पैसे, माल किंवा पाळी तुमच्या हिशेबावर अवलंबून आहे, त्याला आपली नोंद स्वतः बघता येते का आणि चूक असेल तर ती वेळेत दुरुस्त करून घेता येते का, एवढेच बघा. कामगाराला ओव्हरटाइमचे तास, पुरवठादाराला बिलाची तारीख, गिऱ्हाइकाला त्याच्या मालाची अवस्था. मालकाला कळणे पुरेसे नाही. चूक मालकाच्या नजरेला कधीच आधी येत नाही. ज्याचे नुकसान होते, त्याच्या नजरेला ती पहिल्याच दिवशी येते. त्याच्या हातात कागद असला, तर तो तुमचा फुकटचा तपासनीस होतो. कागद नसला, तर तो कटकट्या ठरतो.

मित्राने मध्येच अडवले. म्हणाला, "अरे, सगळ्यांना सगळं दाखवत बसलो, तर धंदा करायचा कधी? रोज दारात भांडणं." त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. चिठ्ठी दिल्याने वाद होतात, वेळ जातो. शिवाय चिठ्ठीने सगळे सुटत नाही. गाळप क्षमता कमी आणि ऊस जास्त असेल, तर कितीही स्वच्छ यादी केली तरी शेवटच्या माणसाचा ऊस उन्हाळ्यातच तुटणार. उसाचा दर संगणक ठरवत नाही. पण शेवटचा नंबर आपला का आला हे ज्याला कळते, तो पुढच्या वर्षीही आपल्याच कारखान्याला ऊस घालतो. ज्याला कळत नाही, तो शेजारच्या कारखान्याची टोळी बघतो. सहकारात किंवा खासगीत, धंदा टिकतो तो माणूस दुसऱ्या वर्षी परत आल्यामुळे.

आता काळ फार पुढे गेला आहे. काट्यावर गाडी झाली, की वजनाचा मेसेज अनेक ठिकाणी शेतकऱ्याच्या फोनवर येतो. काटे ऑनलाइन जोडावेत अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे, आणि मला ती रास्त वाटते. ऊस कधी तोडावा हे सांगायला उपग्रहाची चित्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसावर तसे प्रयोग केले आहेत. चांगलेच आहे. उद्या हेच यंत्र तोडीचा क्रमही लावील, आणि बहुधा माझ्यापेक्षा चांगला लावील. पण खिडकीवर कोणी आला आणि म्हणाला, "बेंदूर ऑगस्टात आसतोय व्हय?" तर त्याचे ऐकून घेणारा माणूस त्या विभागात असणार आहे का? असला तर यंत्र कितीही हुशार येऊ दे. नसला तर आमच्या जुन्या लाल वह्या बऱ्या होत्या. त्यांतली खाडाखोड तरी दिसत होती.

मामा आता नाहीत. त्यांचा नातू ऊस लावतो. मागच्या पावसाळ्यात नोंद झाल्यावर त्याने मला फोनवरचा मेसेज दाखवला. लागण तारीख, क्षेत्र, जात, गट नंबर, सगळे बरोबर होते. मी म्हटले, "झालं की मग." तो म्हणाला, "तरी बी छापून घेतलंय, काका. आज्जा म्हणायचा, कागद आपल्या पिशवीत पायजे."